वाड्याची शिरगणती

लोकसंख्या मोजण्याच्या कामाला आपल्या भाषेत तीन नावे आहेत. जुन्या दप्तरांत ‘खानेसुमारी’ हा शब्द आढळतो. फारसीत खाना म्हणजे घर. तेव्हा खानेसुमारी म्हणजे घरांची मोजदाद. पुढे ‘शिरगणती’ हा शब्द रूढ झाला. त्यात घर मागे पडले आणि डोकी पुढे आली. आज सरकारी कागदांवर ‘जनगणना’ लिहिले जाते. घरे मोजली गेली, डोकी मोजली गेली, जन मोजले गेले. परंतु ज्या वस्तीत ते घर उभे असते आणि ज्या वस्तीच्या आधाराने ती माणसे राहतात, त्या वाड्याची मोजणी सांगणारा शब्द आपल्याकडे घडला नाही. तो घडला नाही याचे कारण उघड आहे: वाडा मोजण्याची रीतच आपल्याकडे पडली नाही.

ही उणीव गोव्यातील पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत विशेष जाणवते. मांद्रे गावचा माणूस म्हापशाच्या बाजारात ‘मी मांद्र्याचा’ असे सांगेल. पण गावच्या माणसाने विचारले, तर तो जुनसवाडा, मधलामाज किंवा आश्वे असेच नाव घेईल. हरमलात गिरकरवाडा आणि खालचावाडा आहेत, मोरजीत विठ्ठलदासवाडा आणि तेमवाडा आहेत. डिचोलीकडे लाटंबार्से पंचायतीच्या हद्दीत कासारपाल आहे. तेथील श्रीकालिकेच्या दर्शनाला दूरदूरची माणसे येतात आणि त्यांतील कित्येकांना लाटंबार्से हे नावही ठाऊक नसते. लग्नपत्रिकेवर वाड्याचे नाव छापले जाते, शिगम्याचा मांड वाड्याचा असतो, राखणदाराला नारळ वाड्यातून जातो. मयतीच्या वेळी आधी धावून येतो तो वाडाच. अशी ही वस्ती सरकारी तक्त्यात शोधू गेल्यास मात्र सापडत नाही.

याचे कारण जनगणनेच्या व्याख्येत आहे. आपल्या देशातील जनगणनेत ग्रामीण भागाचा मूळ घटक ‘महसुली गाव’ हा होय. ज्याची मोजणी होऊन सीमा निश्चित झाल्या आहेत आणि ज्याची महसूल खात्यात स्वतंत्र नोंद आहे, तो गाव. अशा गावात एक वा अनेक वाड्या-वस्त्या असू शकतात हे जनगणना खाते स्वतःच मान्य करते. तथापि आकडे प्रसिद्ध करताना संपूर्ण गाव हा एकच घटक समजला जातो. जेथे जमिनीची मोजणी झालेली नाही अशा वनभागात प्रत्येक वस्ती स्वतंत्र धरण्याची सवलत आहे. म्हणजे मोजणी न झालेल्या रानातील वस्तीला जे स्थान मिळते, ते मोजणी झालेल्या गावातील वाड्याला मिळत नाही!

या नियमाचा परिणाम पाहायचा तर पेडण्याच्या उत्तर टोकाला जावे. तेरेखोल नदीच्या पलीकडे, किल्ल्याच्या पायथ्याशी, तेरेखोल नावाचे लहानसे गाव आहे. पंचायतीच्या कारभारात ते केरीशी जोडलेले आहे. पण महसुली गाव म्हणून त्याचे अस्तित्व स्वतंत्र आहे. त्यामुळे जनगणनेच्या यादीत तेरेखोलला आपली ओळ आहे, आपला संकेतांक आहे. तेथे किती पुरुष, किती स्त्रिया, किती साक्षर, हे कोणालाही वाचता येते. मांद्रे, मोरजी, हरमल येथील वाड्यांना अशी ओळ नाही. वस्ती केवढी आहे यावर हे ठरत नाही. कधी काळी मोजणीदाराची साखळी कोठून कोठे गेली, यावर ते ठरते.

पंचायतींची सीमा ही आणखी तिसरी गोष्ट. २०११ च्या जनगणनेत गोव्यात ३३४ गावे नोंदली गेली. ग्रामपंचायती १९१ आहेत. अगरवाडा-चोपडे, चांदेल-हसापूर, कारापूर-सर्वण, पाळी-कोठंबी, मये-वायंगिणी ही जोडनावेच सांगतात की अनेक ठिकाणी दोन गावांचा संसार एका पंचायतीत चालतो. शिवाय पंचायतीचे प्रभाग पाडताना लोकसंख्येचा मेळ घालावा लागतो. लोकसंख्येनुसार पंचांची संख्या ५, ७, ९ किंवा ११ ठरते आणि त्या हिशेबात लहान वाडा शेजारच्या मोठ्या वाड्याला जोडला जातो, किंवा मोठा वाडा मधोमध चिरला जातो. महसुली गाव, पंचायत आणि प्रभाग अशा तीन रेघा आपल्या अंगणावरून जातात आणि त्यांतील एकही वाड्याच्या कुंपणाला धरून जात नाही.

जुन्या राज्यकर्त्यांनी मोजणी केली नव्हती असे नाही. पेडणे १७८८ साली पोर्तुगिजांच्या अमलाखाली गेले, डिचोली त्याच्या काही वर्षे आधी. नव्या काबिजादी या नावाने हा मुलुख ओळखला जाऊ लागला. गोव्यात आधुनिक पद्धतीची जनगणना १८८१ साली झाली. पोर्तुगीज नोंदींत कुटुंबाला ‘फोगु’ म्हणत. ‘फोगु’ म्हणजे अग्नी, अर्थात पेटलेली चूल. आजच्या भारतीय जनगणनेतही कुटुंबाची व्याख्या स्वयंपाकघरावरूनच केली जाते: जी माणसे सामान्यतः एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरातले जेवतात, ते एक कुटुंब. राज्ये बदलली, भाषा बदलली, पण चुलीवरचा विश्वास दोन्ही राजवटींनी राखला. पोर्तुगीज अमदानीतील शेवटची गणना १९६० च्या अखेरीस झाली. तेव्हा गोव्याची लोकसंख्या सुमारे ५ लाख ९० हजार भरली. मुक्तीनंतर भारतीय कायद्याखाली पहिली गणना १९७१ साली झाली आणि तो आकडा ७,९५,१२० वर गेला. २०११ मध्ये तो १४,५८,५४५ झाला. चुली वाढल्या, माणसे वाढली, वाडेही वाढले. मात्र वाड्यांची वाढ कोणत्याही तक्त्याने टिपली नाही.

कोणी म्हणेल, यात बिघडले काय? माणूस मोजला गेला म्हणजे झाले. परंतु प्रश्न केवळ माणसांच्या बेरजेचा नाही. जनगणनेबरोबर प्रसिद्ध होणाऱ्या जिल्हा पुस्तिकेत प्रत्येक गावाच्या सोयींचा तक्ता असतो. शाळा आहे काय, दवाखाना आहे काय, बस येते काय, नळाचे पाणी आहे काय, असे त्याचे रकाने. सोय गावात असेल तर ‘आहे’ अशी नोंद होते. नसेल तर ती पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा किलोमीटरवर की त्याहून दूर, एवढे सांगणारे अक्षर घातले जाते. आता अशा एका गावाची कल्पना करा, ज्याची शाळा रस्त्याकडेच्या वाड्यात आहे आणि ज्याचा दुसरा वाडा सड्यापलीकडे, ओहोळ ओलांडून दीड तासाच्या चालीवर आहे. तक्त्यात नोंद एकच: शाळा ‘आहे’. रस्त्याकडच्या मुलाला ती खरी वाटेल. सड्यापलीकडच्या मुलीला, पावसाळ्यात ओहोळ भरल्यावर, ती खरी नाही. पण तिचे खरे सांगणारा रकाना नाही. गावाची सरासरी लागली की दूरचा वाडा त्या सरासरीत बुडतो आणि मग नवी शाळा, नवा रस्ता किंवा नवी जलवाहिनी मागताना त्याच्या हाती एकही सरकारी आकडा राहत नाही.

सरकारलाही ही अडचण अनुभवाने कळली. २००० सालच्या डिसेंबरात प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली, तेव्हा रस्ता कोठवर न्यायचा हे ठरवण्यासाठी महसुली गाव किंवा पंचायत हा घटक घेतला गेला नाही. ‘वस्ती’ हा घटक घेतला गेला. जिची जागा कालांतराने बदलत नाही असा लोकवस्तीचा पुंजका, अशी तिची व्याख्या केली गेली. सपाट प्रदेशात पाचशे आणि डोंगराळ भागात अडीचशे लोकसंख्या ही मूळ पात्रता ठरली. हा निर्णय शहाणपणाचा होता. पण वस्तीची लोकसंख्या अधिकृतपणे सांगणारा तक्ता जनगणनेजवळ नव्हता. गावाचा आकडा जनगणनेचा आणि वाड्याचा आकडा स्थानिक अंदाजाचा, अशी जोड घालून काम भागवावे लागले. महाराष्ट्रातील वाड्या, पाडे आणि तांडे यांचीही हीच कथा आहे.

वाडा अदृश्य राहतो तो एका बाजूने. दुसऱ्या बाजूने गाव न सांगता ‘शहर’ होते. जनगणनेत शहरे दोन प्रकारची असतात. ज्यांना कायद्याने नगरपालिका किंवा महानगरपालिका दिली आहे ती वैधानिक शहरे. गोव्यात २०११ मध्ये अशी १४ होती. डिचोली, साखळी आणि पेडणे त्यांतलीच. दुसरा प्रकार जनगणना-शहरांचा. किमान ५,००० लोकसंख्या, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे, या तीन कसोट्या उतरल्या की गाव कागदावर शहर होते. २००१ मध्ये गोव्यात अशी ३० ठिकाणे होती, २०११ मध्ये ती ५६ झाली. डिचोलीतील कारापूर व खाणपट्ट्यातील पाळी आणि पेडण्यातील पार्से ही त्यांतली नावे. राज्याची शहरी लोकसंख्या दहा वर्षांत ४९.७६ टक्क्यांवरून ६२.१७ टक्क्यांवर गेली ती मुख्यतः या कसोट्यांमुळे. नगरपालिका एकही वाढली नव्हती. पार्सेकराला सकाळी उठून आपण शहरात राहतो असे वाटले नाही. त्याची पंचायत तीच राहिली, घरपट्टीची पावती तीच राहिली.

या कसोट्यांतील एक बाब आपल्या मायभगिनींनी लक्षात घ्यावी अशी आहे. गाव की शहर हे ठरवताना केवळ पुरुषांचे काम पाहिले जाते. घरातला पुरुष खाणीवर, कारखान्यात किंवा हॉटेलात जात असेल आणि घरची स्त्री शेत लावत असेल, कुळागर राखत असेल, तर कसोटीच्या दृष्टीने ते घर शेतीबाहेरचे. तिच्या हातची लावणी गावाला गाव ठेवू शकत नाही. दुसरी बाब वेळेची. कोणते गाव जनगणना-शहर धरायचे याची निवड गणना होण्याआधी, मागील गणनेच्या आकड्यांवरून केली जाते. २०११ ची यादी २००१ च्या आकड्यांवर उभी होती. डिचोलीच्या खाणी २०१२ मध्ये थांबल्या, पुढे काही काळ सुरू होऊन २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. कित्येक घरांच्या पोटापाण्याची दिशा बदलली. तक्त्यात मात्र ती गावे जुन्या कमाईच्या भरवशावर शहरेच राहिली.

व्याख्येचा परिणाम किती दूर जातो याचे सर्वांत बोलके उदाहरण याच राज्यात आहे. २००१ च्या जनगणनेत गोव्यातील अनुसूचित जमातींची संख्या ५६६ एवढीच नोंदली गेली. जानेवारी २००३ मध्ये गावडा, कुणबी आणि वेळीप यांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला आणि २०११ च्या गणनेत हीच संख्या १,४९,२७५ झाली. माणसे तीच होती, त्यांचे वाडे तेच होते. यादी बदलली होती. परंतु विधानसभेच्या मतदारसंघांची फेररचना २००१ च्या आकड्यांवर झाली, म्हणून चाळीस जागांत या समाजांसाठी एकही जागा राखीव राहिली नाही. पेडणे मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, कारण त्या समाजाचा आकडा गणनेत होता. जमातींच्या जागांचा मार्ग मोकळा करणारा कायदा संसदेने संमत केला तो ऑगस्ट २०२५ मध्ये. गणनेच्या दिवशी रकाना नसला तर त्याची भरपाई व्हायला दोन तपेही कमी पडू शकतात, हा यातला धडा आहे.

तो धडा वाड्यालाही लागू पडतो. मोपाच्या पठारावर विमानतळ झाला. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्या सड्यावर गुरे राखणाऱ्या धनगर कुटुंबांना आपली जुनी जागा सोडावी लागली. महसुली गावांची नावे होती तशीच आहेत. पुढच्या गणनेतही ती यादीत दिसतील. पण सड्यावर एक वस्ती होती आणि ती तेथून उठली, हे कोणत्याही दोन गणनांचे आकडे शेजारी ठेवून सिद्ध करता येणार नाही. ज्याची नोंदच नव्हती, त्याचे जाणे नोंदले जाणार कसे?

इतर देशांनी हा प्रश्न कसा हाताळला ते पाहणे उद्बोधक आहे. ज्या पोर्तुगालने आपल्याकडे चुली मोजल्या, त्याच्या स्वतःच्या जनगणनेत ‘लुगार’ नावाचा घटक आहे. दहा किंवा अधिक घरांचा पुंजका आणि त्याला स्वतःचे नाव, एवढे असले की तो लुगार झाला. आपल्या वाड्याची याहून नेमकी व्याख्या कोणी करावी! अमेरिकेत नगरपालिका नसलेल्या, पण नाव असलेल्या वस्त्यांना १९५० पासून गणनेत निराळे स्थान आहे. आरंभी त्यासाठी किमान हजार लोकसंख्येची अट होती. २००० च्या गणनेपासून तीही काढून टाकण्यात आली. त्या सीमांना कायद्याचे बळ नसते, त्यांवरून कर बसत नाही की अधिकारी नेमला जात नाही. त्या केवळ आकड्यांसाठी असतात आणि त्या आखताना स्थानिकांना विचारले जाते.

आपल्या जनगणना खात्याच्या बाजूनेही काही सांगण्यासारखे आहे आणि ते न सांगणे अन्यायाचे होईल. वाड्याची सीमा नक्की कोठे संपते यावर दोन शेजाऱ्यांचे एकमत होईलच असे नाही. दर दहा वर्षांनी घटक बदलले, तर जुन्या-नव्या आकड्यांची तुलना करता येणार नाही. शिवाय पाच-सहा घरांच्या वस्तीचे तपशील छापले, तर कोणाच्या घरची काय स्थिती हे उघड होईल. आणि १९४८ च्या जनगणना कायद्याने तर प्रत्येकाच्या माहितीची गुप्तता राखण्याचे वचन दिले आहे. हे आक्षेप खरे आहेत. पण त्यांवर उपाय आहे. प्रत्यक्ष गणनेत गावाचे ‘प्रगणन गट’ पाडले जातात. २०११ मध्ये असा एक गट साधारणपणे सहाशे ते साडेसहाशे माणसांचा असे आणि त्याचा कच्चा नकाशा प्रगणक स्वतः काढत असे. आपल्याकडचे कित्येक वाडे याच मापाचे किंवा त्याहून थोडे लहान आहेत. गटाची रेघ वाड्याच्या कडेने नेली, लहान वाडे पुरते एका गटात ठेवले आणि गटाबरोबर वाड्याचे नाव नोंदून मोजके आकडे प्रसिद्ध केले, तर गावाचा घटकही अबाधित राहील, गुप्तताही राहील आणि वाड्यालाही आपला आकडा मिळेल. त्यासाठी नवी मोजणी नको. जी होते तिचीच मांडणी थोडी निराळी करायची आहे.

हा विचार आज मांडण्याचे कारण असे की, २०२१ ची लांबलेली जनगणना आता १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी धरून घेण्याचे सरकारने जाहीर केले आहे. ती कागदाऐवजी भ्रमणध्वनीवरील साधनाने व्हावयाची असून नागरिकांना स्वतःची माहिती स्वतः भरण्याचीही मुभा आहे. गावांच्या व तालुक्यांच्या सीमा ३१ डिसेंबर २०२५ रोजी गोठवल्या गेल्या. तेव्हा या खेपेला वाड्याचे महसुली गाव होणे नाही. परंतु आपल्या हाती काहीच नाही असे समजू नये. प्रगणक बहुधा आपल्याच भागातील शिक्षक किंवा सरकारी सेवक असतो. त्याला सड्याखालचे शेवटचे घर, कुळागरातले एकटे घर, भाड्याने राहणाऱ्या मजुरांची खोली दाखवणे हे शेजाऱ्याचे काम आहे. घराचा पत्ता सांगताना गावाबरोबर वाड्याचेही नाव सांगावे. ग्रामसभेने आपल्या गावातील वाड्यांची यादी, त्यांतील घरे व चुली आणि प्रत्येक वाड्यापासून शाळा, दवाखाना व बसथांबा यांचे अंतर एका वहीत उतरवून ती मंजूर करून ठेवावी. ती वही जनगणनेची जागा घेणार नाही; पण तक्त्यात ‘आहे’ लिहिलेले असताना ‘आमच्या वाड्यात नाही’ असे म्हणण्यासाठी हाती काही कागद राहील.

गावाचा आकडा सरकार देईल. वाड्याचा आकडा निदान या खेपेपुरता तरी वाड्यानेच सांभाळला पाहिजे. सड्यापलीकडच्या त्या मुलीची शाळा किती दूर आहे हे तिच्या वाड्याला ठाऊक आहे. ते लिहून ठेवण्याचे काम तेवढे उरले आहे.